पाव टाकीच्या खाली

चौथ्या गियरला, साडेपाच हजारावर,
कागलच्या अलीकडं रस्ता जरा मोकळा होतो
तिथं ती अडखळायची.
बोलता बोलता शब्द सापडू नये तशी.
मी पाय काढून घ्यायचे.
मागचे ट्रक हॉर्न देत पुढं जायचे.

उद्यमनगरात, कुलंटनं ओल्या किसाचा वास भरलेल्या गल्लीत
दस्तगीर शिकलगारनं आधी गेजकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"ताई, टर्बो घालून इंजिन पैलवान केलंसा,
खुराक मात्र पोराचाच ठेवलासा.
वरून हवा दाबताय, खालून पेट्रोल पोचंना.
अजून दोनदा असं कराल, तर पिस्टन वितळंल."

गाडी चालू ठेवून त्यानं मीटर लावला.
बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, पंपापाशी पावणेअकरा.
"मधले तीन कोण खातंय?"
आमच्या ऑफिसातलं एक नाव
माझ्या अगदी ओठावर आलं.

मग निगेटिव्ह सुटी केली.
मोबाइल बाहेर, शटर पूर्ण वर, पंखा बंद.
मागची सीट उचलली
आणि खालून आमचं अर्धं घर निघालं.
चिंचोके, केएमटीचं तिकीट, खोकल्याच्या बाटलीचं झाकण,
आणि जोतिबाचा गुलाल,
पत्र्याच्या प्रत्येक घडीत, अजून तितकाच गुलाबी.
बाबा ही गाडी चालवत होते तेव्हाचा.
दस्तगीरनं तो ओल्या फडक्यानं टिपून घेतला.
"देवाचा हाय, पण कण टाकीत गेला
तर जाळीत जाऊन बसंल."
फडकं त्यानं झटकलं नाही.
घडी करून माझ्या हातात दिलं.

पितळेचा दट्ट्या, लाकडी हातोडा.
लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही.
चौथ्या ठोक्याला रिंग फिरली,
वास डोळ्यांना झोंबला,
आणि तळातून, निथळत, तो वर आला.
माझ्या मनगटाएवढा, जाळी काळवंडलेली.
इतकी वर्षं अंधारात,
जे पुढं धाडायचं त्यातच बुडून,
त्यानंच गार राहून.

नवा ताशी दोनशे पंचावन्न लिटरचा,
बोटभर लांब. ब्रॅकेट दोनदा घासलं.
जाड वायर, रिले, फ्यूज, थेट बॅटरीपासून.
चहा दोनदा आला, दोनदा निवला.

"किल्ली फिरवा. चालू नका करू."
दोन सेकंद मागून गुणगुण आली, थांबली.
"परत." परत.
मी कान देऊन होते, तो सीलवर नाक लावून होता.

"जुना भंगारात टाका," मी म्हटलं.
"खराब कुठं झालाय? तुमचं मागणं वाढलं.
एखाद्या साध्या गाडीत अजून धा वर्सं काढील."
त्यानं तो पुसला, फळीवर ठेवला,
खडूनं खाली तारीख घातली.
"आन् एक. पाव टाकीच्या खाली न्यायचं न्हाई.
उघडा पडला की तापतोय."

रविवारी उजाडताना मी चपला घातल्या.
"जरा कागलपर्यंत जाऊन येतो," म्हटलं,
आम्ही कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतो.
"थांब, मीपण येतो," बाबा म्हणाले.
गुडघ्यामुळं हल्ली ते मागं बसतात, पाय आडवा टाकून.

चौथा गियर. साडेपाच.
सहा. सहाच्या वर.
ऊस झर्रकन मागं गेला आणि ठसका आला नाही.
मी काहीच बोलले नाही, नुसती हसत होते,
आरशात ते दिसलं असणार.

टोलच्या आधी वेग उतरला, तेव्हा मागून,
"खाली काय गुणगुणतंय गं?"
"पंप आहे, बाबा. नवा घातला."
"जुन्याला काय झालं?"
"काही नाही. चांगला आहे. फळीवर आहे."

त्यांनी सीटवर तळहात टेकला,
जरा वेळ तसाच ठेवला.
"तो कधी ऐकू आला नाही," बाबा म्हणाले.