अधिक-उणे

उद्यमनगरात लेथ थांबला की
आप्पा विचारतात, "झालं का गं तुजं गणित?"

युरेनियमचा एक आकडा टक्काभर हलवला,
रात्रभर संगणक घुमला.
उत्तर केसभर सरकलं.
मग कोपऱ्यातला एक, कुणी न विचारणारा,
जरासा ढकलला
तर अख्खी अणुभट्टी कलली, कागदावर.

"मग चुकलंय कुठं?"
चूक नाही, आप्पा.
जे नक्की माहीत नाही
ते किती माहीत नाही,
एवढंच मोजते.

ते व्हर्नियर पुसतात,
ड्रॉइंगवर काळं बोट ठेवतात:
"प्लस-मायनस लिवलं नसंल
तर त्यो जॉब म्या घेत न्हाई."

वरून आईची हाक.
"आलो, पाच मिन्टात."
ती ताट झाकून ठेवते.
त्यांचं अधिक-उणे
तिला लग्नापासून पाठ आहे.