दहा चाळीसचं विमान

दुपारी बारा वाजता घराची किल्ली दिली,
नोटरीच्या टेबलावर, सुट्टे पैसे ठेवावेत तशी.
विमान रात्री दहा चाळीसला.
मधल्या वेळेला आम्ही दोघं
आणि एक पांढरी भाड्याची गाडी,
जिच्या काचेवरचा बारकोड
लांबूनच ओरडून सांगतो : हे इथले नाहीत.

इथलेच आम्ही.
याच कातान्यात, याच काळ्या लाव्हाच्या फरशीवर
रोझोलीनोचा पुढचा दात पडला होता.
पण कालपर्यंत ज्या बॅगा
बाबांच्या पलंगाखाली सरकत होत्या,
त्यांना आज सबंध गावात कोपरा नाही.

आगातिनाबाई जिन्यातूनच बोलली,
तिलाही निघायचं होतं, लेकीकडे, चारच्या बसने :
"दिसेल असं काही ठेवू नका. रुमालसुद्धा नको.
आणि डिकी इथे उघडू नका.
भरा तिकडे, लावा इकडे.
चोर आधी भरताना बघतो.
मोलाचं असेल ते अंगावर ठेवा."

म्हणून पेट्रोल पंपावर जाऊन सामान रचलं,
वरून बाबांचा कोट पांघरला.
मग रिव्हर्स घेत घेत
मासळीबाजारामागच्या भिंतीला गाडी अशी टेकवली
की डिकी उघडायला बोटभर फट नाही.
आणि मग आठवलं,
रोझोलीनोच्या गोळ्या आत राहिल्या.

जेवलो आळीपाळीने.
एकाने खायचं, एकाने राखायचं.
मी पहिलाच घास घेतला आणि कुठेतरी अलार्म वाजला,
काटा तसाच ठेवून पळाले.
दुसऱ्याची गाडी होती.
बाबांच्या उशाशीसुद्धा
मी इतकं डोळ्यांत तेल घालून बसले नव्हते.

तेवढ्यात चिरीनो आला, पार्किंगवाला,
ज्याला कुणी नेमलेलं नाही
आणि ज्याला विचारल्याशिवाय तिथे चाक वळत नाही.
दोन युरो घेतले. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
"तू तराजूवाल्याची ना?"

बाजारातले सगळे काटे बाबा दुरुस्त करायचे.
"माझ्या बापाने त्याला सांगितलं होतं,
पन्नास ग्रॅम सरकव. नाही म्हणाला.
सहा महिने बोलत नव्हते दोघं.
जा तुम्ही, फिरून या. गाडी मी बघतो."
दोन युरो काही परत दिले नाहीत.

फिरून काय बघायचं?
आपल्या गावात बघण्यासारखं काय असतं
ते आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.
पाय घराकडेच गेले.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी टेप धरून
आमची खिडकी मोजत होतं.
लांब एट्ना धुरकटत होता, रोजच्यासारखा.
आम्ही परत येऊन भिंतीपाशी उभे राहिलो,
चिरीनोच्या शेजारी, तिघं रांगेत,
अंधार पडेपर्यंत.

काहीही चोरीला गेलं नाही.
साडेआठला गाडी परत केली.
टॉर्च घेतलेल्या पोराने चारी दारांवरचे ओरखडे पाहिले,
विचारलं, आत काही राहिलं का?
नाही म्हटलं.

मोठ्या बॅगा पट्ट्यावरून गेल्या.
मग तपासणीत हातमोज्यांतल्या एका बाईने
माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून
बाबांचा स्क्रूड्रायव्हर काढला,
लाकडी मुठीचा, काटे बरोबर करायचा,
दिवसभर मी अंगावर वागवलेला.
तिने तो पट्टीला लावला. एकवीस सेंटिमीटर.
"माफ करा, हा नाही नेता येणार."
फार अदबीने बोलली.
ट्रेमध्ये आधीच दोन कात्र्या होत्या,
एक खेळण्यातलं पिस्तूल होतं.

"चिरीनोला तरी द्यायचास," रोझोलीनो म्हणाला.
मी काही बोलले नाही.

गेटपाशी पिशवी उचलून पाहिली.
एकदा डाव्या हाताने, एकदा उजव्या.
साठ-सत्तर ग्रॅम कमी असायला हवी होती.
मला फरक कळला नाही.
बाबांना कळला असता.