धक्क्याखालचा हिरवा

थॅडियसला लाल आणि हिरवं एकच दिसायचं.
चाळीस वर्षं त्यानं अ‍ॅश्टाब्युलाच्या खनिज-धक्क्यावर क्रेन चालवली
आणि कंपनीच्या डॉक्टरला हे कळू दिलं नाही.
मला सांगितलं. मी अकरा वर्षांची होते,
आणि त्याला रंग कालवायला कुणीतरी हवं होतं.

मार्चमध्ये ईरी सरोवराचा बर्फ फुटायचा,
रात्रभर वरच्या मजल्यावर कुणी कपाटं सरकवतंय असा आवाज.
आम्ही गॅरेजचं दार सताड उघडं टाकून कुडकुडत बसायचो,
कारण कपड्यांना तापल्या प्लास्टिकचा वास लागला
की इर्मा आम्हाला जेवायला घरात घ्यायची नाही.

जुना मायक्रोवेव्ह, काचेचा मापाचा कप.
आधी दुधासारखं पांढरं, मग नासल्यासारखं गाठाळ,
मग एकदम नितळ.
"आता," तो म्हणायचा, "आता सांग, गोबी कशी दिसते."

गोबी बादलीत असायची, तळाला चिकटून.
बेडकाचं तोंड, बोटाएवढं अंग,
पाठीच्या पहिल्या परावर एक काळा ठिपका.
परक्या समुद्रातली. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आली
आणि आमच्या बास माशांनी नाक न मुरडता
तिला खायला सुरुवात केली.
थॅडियसला तिचा राग होता. धक्क्यावर सगळ्यांनाच होता.
तरी साचा त्यानं तिचाच केला,
इर्माच्या लझानियाच्या ट्रेमध्ये प्लास्टर ओतून.
तीन हिवाळे, एकोणीस साचे.
"हिच्या पोटात हवेची पिशवीच नाही," तो सांगायचा,
"तरंगता येत नाही बिचारीला.
उडी मारते, बसते. उडी मारते, बसते."
आणि जड व्हावं म्हणून मीठ टाकायचा, मुठीनं.

रंग माझ्याकडे.
हिरव्याचे सात थेंब, तपकिरीचे तीन, काळ्याचा अर्धा
(अर्धा थेंब कसा टाकायचा ते मी कुणालाही सांगणार नाही),
वर चिमूटभर तांबूस चमकी.
दुकानात याला भोपळ्याचा हिरवा म्हणतात.
आम्ही म्हणायचो, धक्क्याखालचा.
"कसा झालाय?"
"ओल्या दगडासारखा."
"दगड कसा दिसतो?"
मी अडायचे. मग म्हणायचे,
इर्माचा स्वेटर दोरीवर वाळत असतो ना,
त्याची सावलीतली बाजू.
तो मान हलवायचा, कळल्यासारखी.

पुढे मी कोलंबसला शिकायला गेले.
जाताना प्रमाण लिहून दिलं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या.
तेलकट बोटांनी चिठ्ठ्या सुटतात,
हे माझ्या ध्यानात आलं नाही.

थँक्सगिव्हिंगला आले, गॅरेजमध्ये डबा उघडला.
चाळीसेक गोबी, शेपट्या एका दिशेला.
ठिपका जागच्या जागी.
पर इतके पातळ की माझ्या श्वासानं हलले.
आणि सगळ्या गुलाबी.
टेबलावरच्या हॅमसारख्या, लख्ख, बेशरम गुलाबी.

झाकणावर पेन्सिलीनं:
धक्क्याखालचा. नेटीच्या प्रमाणानं.

मी हसणारच होते.
तेवढ्यात कोपऱ्यातल्या नऊ दिसल्या,
पुन्हा वितळवायला बाजूला काढलेल्या.
शेपट्या गायब, पाठी पॉलिशपेपरनं घासल्यागत.
नऊच्या नऊ बासनी चावलेल्या.

दारात थॅडियस, बुटांवर बर्फ.
"रंग जमलाय ना?"

एक उचलली, खिडकीच्या उजेडात धरली,
बराच वेळ उलटीसुलटी केली.
"काळा," मी म्हटलं, "अर्धा थेंब जास्त झालाय."

"तरीच," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."