चिंधीचा हिशेब

सव्वाबाराला लाइट गेली.
घरकुलातले माग एकामागोमाग थांबले,
शेवटचा गड्डमांचा, तो नेहमीच जरा कण्हत थांबतो.
मला तेवढंच हवं होतं.

टेबलावर डबी. डबीत आठ कण,
प्रत्येक ज्वारीच्या टरफलाएवढा:
चुंबकाचे दोन पदर, मधे जेमतेम पाच अणूंचा अडसर,
इलेक्ट्रॉन त्याला भिंत मानतच नाहीत.
त्यांना जन्मजात एक गिरकी असते.
सर स्पिन म्हणतात.
मी चाती म्हणते. सर हसले होते,
मग एकदा फळ्यावर त्यांनीच चाती लिहिलं
आणि घाईघाईनं पुसलं.

टॉवर डिझेलवर. गाजूलांचं वायफाय इन्व्हर्टरवर,
त्यांच्या नरेंद्रचं रील
आमच्या भिंतीतून, अम्माच्या विड्यांच्या सुपातून,
माझ्या बरगड्यांतून चाललंय.
उन्हाळ्यातला एवढा एकच झोत, जो भाजत नाही.

लाट येते. वरचा पदर डुलतो.
डुलला की वाट मोकळी, परतला की अडलेली,
आणि पुढे-मागे, पुढे-मागे करणाऱ्या लाटेतून
एका बाजूला काहीतरी
थोडं जास्त
उरतं.

"एन्नि?" नायना विचारतात. किती?
अडतीस वर्षं मागावर, कान तिथंच राहिले.
ओठ वाचतात, पण मायक्रोव्होल्ट ओठांवर कसा दिसणार?
मी चिमूट दाखवते, चिमटीत काही नाही.
ते मान डोलावतात:
चिंधीपण वजनावरच जाते, पोतं भरू दे.

दीड वाजला. कपॅसिटर भरतोय की नाही
कळत नाही. नायनांनी तळवा टेबलावर ठेवलाय,
धागा तुटला की माग त्यांना हातात कळायचा, तसा.
मी मीटरकडे बघत होते,
नळाच्या पाण्याचा विचार करत होते,
उद्याच्या बसचा.

त्यांनी माझं मनगट धरलं.
लाल. पेटला म्हणे.
मी वळले तोवर अंधार होता,
आणि लगेच लाइट आली, पंखा फिरला,
सगळे माग एकदम ओरडायला लागले.

वहीत लिहिलं: १.४७. दिवा, एकदा.
मी पाहिला नाही. लाइट येतानाचा धक्काही असू शकेल.
पुन्हा करायचं.
शेवटचा रकाना, साक्षीदार.
नायनांनी पेन घेतलं, चष्मा लावला,
आणि गोल गोल तेलुगू अक्षरांत, सावकाश,
आडनावासकट सही केली.