व्हॉल्व्ह

उन्हातली धाप वेगळी.
तळजाईचा चढ चढून आली की
हातभर जीभ बाहेर, डोळे हसरे,
मी ट्यूब बुडवतो त्याच टबात तोंड,
आणि पाच मिनिटांत सगळं शांत.
ही तशी नव्हती.

पौष. पहाटेचे तीन.
पद्मावतीच्या उतारावर शटर अर्धं खाली,
मी गोधडीत, अंगात दोन स्वेटर,
आणि सुलोचना धापा टाकतेय
जागेवर बसून, कुठंही न धावता.

नाव सुलोचना, कारण पिल्लू असताना
सोल्युशनच्या डबीत नाक घातलं
आणि दोन दिवस चिकटलेल्या मिशांनी हिंडली.
इस्माईलभाई म्हणाले, आमच्या गॅरेजात
त्याला सुलोचनच म्हणायचे. ठरलं.

आडवी व्हायची, लगेच उठायची.
कोपरं फाकवून, मान लांब करून,
जणू हवा जराशी पुढं ठेवलीय
आणि तोंड पुरत नाही.
शेवंता म्हणाली, उकडत असेल.
अकरा डिग्रीत?
मग घाबरली असेल, कुणाचं तरी लग्न, फटाके.
पौषात कुणाचं लग्न?
मग ती काही बोलली नाही.
गॅसवर पाणी तापत ठेवलं,
कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बत्तीस वर्षं पंक्चर काढतोय.
खिळ्याची शिट्टी वेगळी, काचेची वेगळी.
व्हॉल्व्ह तर नुसता कुजबुजतो,
रात्री गाडी लावा, सकाळी रिम जमिनीला.
तिच्या छातीला कान लावला.
ठोक्याच्या मागोमाग काहीतरी फुसफुसत होतं.
ओठ उचलून पाहिला,
हिरडी धुतलेल्या पोतेऱ्याच्या रंगाची.

टेम्पोत घातली.
सातारा रस्ता रिकामा,
सिग्नल नुसते पिवळे मिचकावत.
किणीकर डॉक्टरीणबाई झोपेतून उठलेल्या, स्वेटर उलटा.
मशीन फिरवत बराच वेळ बघत बसल्या.
म्हणाल्या, व्हॉल्व्ह लीक आहे.
मला हसू फुटलं. खरंच फुटलं.
म्हटलं, बाई, व्हॉल्व्ह मी साठ रुपयांत बदलून देतो.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
हा बदलत नाही, म्हणाल्या.
फुप्फुसात पाणी साठलंय, ते तेवढं काढता येईल.

आता दोन वेळा गोळी, चपातीच्या तुकड्यात लपवून.
गोळीनं सारखी मुतते.
गिऱ्हाईक नाक मुरडतं. मुरडू दे.
आणि रात्रीचं एक काम लागलंय:
गाढ झोपली की छातीकडं बघत
एक मिनिट श्वास मोजायचे.
तिसाच्या वर गेले की फोन.
शेवंतानं गॅसच्या पुस्तकामागं रकाने आखलेत.
सोमवार चोवीस. मंगळवार सव्वीस.
बुधवारी मधेच ट्रक गेला,
आकडा विसरलो, परत पहिल्यापासून.

बाहेर पाटी आहे, मीच रंगवलेली,
येथे हवा मिळेल.
हल्ली शटर ओढताना
तिच्याकडं बघत नाही.

आज एकोणतीस.
फोन मांडीवर घेऊन बसलो.
परत मोजले, अठ्ठावीस.
शेवंता म्हणाली, पाठ टेका आता. नाही टेकली.
साडेचारला दूधवाला आला, मागचं चाक बसलेलं,
काका, जरा बघता का?
बोट वर केलं, थांब.
सतरा.
अठरा.