उलटी बाजू

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
एकतीस वर्षं मी टॉवेलवर हॉटेलांची नावं विणली.
विणली म्हणजे काय, चौकटीत भरली.
आलेखकागद, लाल पेन्सिल, एक घर एक धागा,
मग पुठ्ठ्याला भोक.
भोक असेल तर ताणा वर,
नसेल तर खाली.
यापलीकडे मला कुठलंही व्याकरण येत नाही.

म्हणून तस्नीम पीरजादे, आर्किटेक्ट, वय अठ्ठावीस,
हेल्मेट काखेत मारून आमच्या खात्यात आली
तेव्हा मला वाटलं टॉवेल हवेत.
तिला भिंत हवी होती.

डोळ्यांचा दवाखाना होतोय विजापूर रोडला.
पूर्वेला तीन मजली जाळी, सिमेंटच्या ठोकळ्यांची,
सोलापूरचं ऊन गाळून आत घेणारी,
आणि जाळीत एकच शब्द, पुन्हा पुन्हा: नूर.
तिनं कागद उलगडला.
महमूदसाब नदाफांच्या बोरूतला नून
परातीतल्या पाण्यासारखा डुचमळत होता,
वाव मान वळवून बघत होता, रे घसरत निघालेली.
कंत्राटदार म्हणाला होता,
मॅडम, ठोकळ्याला कंबर नसते.

शब्द घरी नेला.
वाचता येत नव्हता, मोजता येत होता.
उजवीकडून सुरू होतो, काका, तिनं बजावलं होतं.
मी म्हटलं, धोटा दोन्हीकडून जातो, बाई,
त्याला कुठली लिपी परकी?
तिसऱ्या रात्री बायकोनं विचारलं,
आता कुणाचं हॉटेल?

महमूदसाब लग्नपत्रिका आणि कबरीचे दगड
एकाच हातानं लिहीत आलेले.
माझा आलेख त्यांनी डोळ्याला टेकेल इतका जवळ धरला.
मला वाटलं, म्हणतील, अक्षराला कोपरं फुटली.
म्हणाले, कूफी.
माझ्या उस्तादांना यायची. मला चौकोनाचा कंटाळा होता.
मग माझंच खोडरबर घेऊन एक घर पुसलं.
इथं पोट आवळलंस बे नूनचं. श्वास घेऊ दे.

एक विचारू? म्हटलं.
अक्षर ठोकळ्याचं करू, की भोकाचं?
ते तंबाखूच्या दातांनी हसले.
शब्द काय आहे? भोकच ठेव.

त्या रात्री झोप लागली नाही.
टॉवेलची उलटी बाजू मला ठाऊक आहे:
नाव उलटं, रंग उलटे,
गिऱ्हाइकं खुशाल तोंड पुसतात.
पण ही भिंत. आत बसणाऱ्याला शब्द उलटाच दिसणार.
तस्नीम म्हणाली,
आतल्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, काका.
ती हसली. मी नाही हसलो.

दवाखाना उघडायच्या आदल्या सकाळी आम्ही तिघं गेलो.
जाळीकडे बघितलं. उलटा. मी म्हटलंच होतं.
महमूदसाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू,
ऊन सोसेना, म्हणून खुर्ची फिरवून
जाळीकडे पाठ करून बसले.
आणि एकदम दोन्ही पाय वर घेतले,
लहान पोरासारखे, खुर्चीवर.

फरशीवर नून. वाव. रे.
सरळ.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, उजेडाकडे पाठ.
एकतीस वर्षांत हे मला पुठ्ठ्यानं सांगितलं नव्हतं,
की भोकाच्या पलीकडे तिसरीही एक बाजू असते.
तस्नीम मोबाइल काढून फोटो घ्यायचं विसरली,
नुसती हातात धरून राहिली.

तेवढ्यात नरसव्वा बादली घेऊन आली.
तिकडच्या भिंतीपासून पुसत
मागे मागे सरकत जाळीकडे निघाली,
ओल्या फरशीवर अक्षरं आणखीच उजळत गेली.
बाजूनं पूस, महमूदसाब म्हणाले. मग म्हणाले, नाही, पूस.

हे डाग सकाळी निघत नाहीत, साहेब,
ती कंबर सरळ करत म्हणाली,
चार दिवस झाले घासते.
दहा वाजता आपले आपण जातात.