कुठून आलात

साकीनाक्याच्या इमारतीत, दारावरच्या वहीत पाच रकाने:
नाव, कोणाकडे, कुठून, आत, बाहेर.
तिसऱ्याशी पेन अडतं.
एकोणीस वर्षं तिथे मी न बघता
कंपनीचं नाव लिहीत आले,
आपण आडनाव लिहितो तसं.

मार्चअखेर हिशेब मिटले. त्यात माझाही.
एचआरच्या मुलीनं पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला होता,
त्यावरूनच ओळखलं.

पहिला महिना मी वाया घालवला.
रोज चाळीस अर्ज, मोबाइलवर, रात्री,
कबुतरांना दाणे फेकावेत तसे.
उत्तरं दोन आली:
एक विमा विकायला बोलावणारं,
एक माझा अर्ज पोचल्याचं. ते यंत्राचं.
घरात कोणी काही म्हणालं नाही.
फक्त विलास बाजारातून आला की
भाजीचा भाव सांगेनासा झाला.

मग टेंभीपाड्याचा झेरॉक्सवाला इम्तियाज.
वय तेवीस, कानात पेन्सिल.
"ताई, तीन पानं कोण वाचतो?
हे छंद, वाचन, रांगोळी, काढू?"
काढ.
"जन्मतारीख?"
काढ. (हे जरा जड गेलं.)
"'मेहनती आणि प्रामाणिक' हे तर सगळेच लिहितात."
काढ बाबा, तेही काढ.

शेवटी पडद्यावर इतकी पांढरी जागा राहिली
की मला थंडी वाजली.

म्हणाला, आता सांगा, केलंत काय?
मी सांगितलं.
तांबं पेटलं होतं त्या वर्षी
लोहार चाळीतल्या छेडाशेठनी जुन्या दरानं चार टन माल सोडला,
रात्री अकराला, नुसत्या फोनवर.
सही नाही, कागद नाही. "बेन, बोलला ते बोलला."
दुसऱ्या दिवशी भाव आणखी चढला,
तरी त्यांचा टेम्पो गेटवर उभा होता.

इम्तियाजनं टाइप केलं:
खरेदीखर्चात बारा टक्के बचत.

मी म्हटलं, यात शेठ कुठे आहेत?
तो म्हणाला, कागदावर मावणार नाहीत.
फोन करा त्यांना.

चार दिवस फोन केला नाही.
नंबर काढायचा, ओटा पुसायचा.
नंबर काढायचा, डाळ भिजत घालायची.
मागायला जायची सवय नव्हती;
माझ्याकडे लोक मागायला यायचे,
दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे घेऊन,
आणि मी ते शिपायांत वाटून टाकायचे.

पाचव्या दिवशी केला. नोकरीचं काढलंच नाही.
विचारलं, शेठ, सध्या कोणाचा माल अडतोय?
शेठ हसले, खोकले, मग अर्धा तास बोलले.
कोण उधारी बुडवतो, कोणाची वाइंडिंग परत येतात,
कोणाचा खरेदीवाला दुबईला पळाला.
मी गॅसच्या बिलामागे लिहून घेत गेले.
तीन नावं.
पहिल्यानं फोन उचलला नाही.
दुसरा म्हणाला, पगार निम्मा, चालेल?
मी विचार करते म्हटलं, आणि खरंच केला, दोन रात्री.
तिसरा इथे, चौथ्या मजल्यावर.

"रिकामं नाही ठेवायचं, मॅडम," वॉचमन म्हणतो.
छातीवर पट्टी: वि. कांबळी. बोटांना काळं तेल,
नखांत मुरलेलं, गणवेशाला न शोभणारं.
"घर लिहा. मी पहिल्या दिवशी तेच लिहिलेलं.
लेथवर होतो, मरोळला. बावीस वर्षं."

मी लिहिते: भांडुप.
अक्षर बरं आलं.

लिफ्ट बंद.
दुसऱ्या मजल्यावर वार्निशचा वास येतो, जरा जळकट.
ड्रम जुना असणार,
नाहीतर पुरवठादार बदललाय आणि यांना कोणी सांगितलेलं नाही.
पायरीवर थांबते. पुन्हा हुंगते.
हे विचारायचं.